इलेक्ट्रिक गाडीने लांबचा प्रवास: रेंजचा खरा हिशोब आणि रस्त्यातले चार्जर

ब्रोशरवर ४८९ किलोमीटर छापलेलं असतं. शोरूममधला मुलगा हळूच म्हणतो, "साडेतीनशे धरून चाला, सर." आणि सोसायटीतलं कुणीतरी शपथेवर सांगतं की हायवेला अडीचशेच्या पुढे काही जात नाही. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत असतात. प्रत्येकजण वेगळ्या परिस्थितीतला आकडा सांगतो एवढंच. पुणे-मुंबईकडून कोकणात, गोव्याला किंवा नागपूरकडे स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीने पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणाला ४५ युनिट बॅटरीची टाटा नेक्सॉन घेतली आहे, कारण या आकाराच्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदला, रीत तीच राहील.

१. आपली गाडी युनिटला किती जाते ते काढा

४८९ हा आकडा एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणित चाचणीतला. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालते, एसी बंद असतो, शहरी भागात वेग ताशी ५० च्या वर जात नाही आणि हायवेच्या भागातही जास्तीत जास्त ९०, तोही थोडाच वेळ. दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा ठीक आहे. त्याच्या भरवशावर खंबाटकी चढायला निघू नये. कंपनी स्वतःच "सी७५" या नावाने साडेतीनशेच्या आसपासचा वेगळा आकडा देते, म्हणजे चारातल्या तीन ग्राहकांना जेवढा मिळावा तेवढा. तो शहर-गाव मिळून चालवणाऱ्यांसाठी बराच खरा आहे. हायवेसाठी मात्र आपला आकडा आपणच काढायचा.

त्यासाठी कुठल्याही सुट्टीच्या दिवशी ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि घरच्यांना घेऊन, एसी लावून, हायवेला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर चालवा. जाऊन-येऊन म्हणतो कारण मग चढ-उतार आणि वारा एकमेकांना कापतात. शेवटी स्क्रीनवर सरासरी दिसेल. काही गाड्या "युनिटला किती किलोमीटर" दाखवतात, काही "किलोमीटरला किती वॅट-तास". एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, म्हणून दुसरा प्रकार असेल तर १००० ला त्या आकड्याने भागा. १५० दिसत असेल तर गाडी युनिटला ६.७ किलोमीटर जाते. चार माणसं, डिकी भरलेली, वेग ९० ते १०० असला की या वर्गातली गाडी साधारण साडेसहाच्या आसपास येते. शहरात हीच गाडी आठ-साडेआठही देते. पेट्रोल गाडीच्या बरोबर उलट, आणि हे उलटं गणित डोक्यात बसायला वेळ लागतो.

आता खरा हिशोब. ४५ पैकी वापरता येणारे ४३ युनिट धरू. घरून १००% भरून निघालात आणि १०% उरेपर्यंत चालवली, तर हातात ३८-३९ युनिट, म्हणजे अडीचशे किलोमीटर. सोसायटीतला माणूस हेच सांगत होता. पण वाटेत चार्ज करताना तुम्ही ८०% च्या पुढे सहसा जात नाही आणि १५% च्या खाली उतरत नाही. मधले ६५% म्हणजे २८ युनिट, १८० किलोमीटर. हा १८० चा टप्पा कागदावर लिहून ठेवा. ब्रोशरमधल्या ४८९ पेक्षा प्रवासात तोच उपयोगी पडतो.

२. वेग, घाट आणि एसी: कुठे किती जातं

सगळ्यात जास्त खातो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ९० वरून १२० वर गेलात की तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे आणि रस्ता इतका सरळ की पाय आपोआप दाबला जातो. तिथे २०० किलोमीटर १२० ने काढलेत तर १०० मिनिटं लागतील आणि साधारण ४० युनिट जातील. तेच ९५ ने गेलात तर १२६ मिनिटं, पण ३० युनिटात भागेल. जास्तीचे १० युनिट परत भरायला चार्जरवर पंधरा मिनिटं गेली, म्हणजे वाचली दहा-अकरा मिनिटं. त्यासाठी एखादा जास्तीचा थांबा पदरात पाडून घ्यायचा का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी नाही घेत. कॅरियरवर बॅगा बांधल्या असतील तर मग विचारायलाच नको.

घाटाची भीती मात्र उगाच मोठी केलेली आहे. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी साडेपाचशे मीटर वर येते. माणसं-सामान धरून १८०० किलो वजन तेवढं वर न्यायला, मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, साधारण ३ युनिट जास्तीचे लागतात, म्हणजे आपल्या गाडीचे ७%. घाटात स्क्रीनवरची रेंज भराभर पडताना दिसते, कारण गाडी गेल्या काही किलोमीटरच्या खर्चावरून पुढचा अंदाज बांधते. माथ्यावर पोचल्यावर ती रडका आकडा दाखवते आणि उतरून खाली आलात की उगाच खुशीचा. दोन्हीकडे दुर्लक्ष करा आणि फक्त टक्के बघा. उतरताना चढायला खर्चलेल्यातलं निम्म्याहून थोडं जास्त रिजनमधून परत मिळतं; रिजन म्हणजे पाय काढला की मोटर उलट वीज तयार करून बॅटरी भरते आणि गाडीचा वेगही धरते.

इथे एक सापळा आहे. महाबळेश्वर किंवा आंबोलीला मुक्काम असेल तर तिथे रात्रभर लावून १००% भरू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनची वीज जायला जागा नसते. मग उतारावर गाडी रोजच्यासारखी आपोआप धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ज्याला एका पेडलने चालवायची सवय लागली आहे तो पहिल्याच वळणावर दचकतो. माथ्यावरून निघताना ८५-९०% पुरे.

एसी दीड युनिट तासाला खातो असं धरा. भर उन्हाळ्यात विदर्भात थोडा जास्त. शंभरच्या वेगात हे किरकोळ आहे. वाहतूक तुंबली की मात्र लोक घाबरून एसी बंद करतात आणि घामाघूम होतात. गरज नाही. माणगावच्या कोंडीत तीन तास अडकलात तरी एसीचे साडेचार युनिट, म्हणजे १०% च्या आसपास. उभ्या गाडीची मोटर काही खात नाही.

३. नकाशावरचे चार्जर चाळणीतून काढा

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी आकड्यांनुसार देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग केंद्रं होती, त्यातली ३,७२८ महाराष्ट्रात. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना शहरात दर चौरस किलोमीटरच्या चौकोनात एक आणि हायवेला दर २० किलोमीटरवर एक केंद्र असावं असं सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण प्रवासाच्या दिवशी तुम्हाला हवा असतो तुमच्या रस्त्यावरचा, तुमच्या गाडीला बसणारा, त्या वेळी उघडा आणि चालू असलेला चार्जर. नकाशावरचे ठिपके या चाळणीतून काढले की बरेचसे गळतात.

पहिली चाळणी गनची, म्हणजे चार्जरच्या केबलचं जे टोक गाडीत लावायचं त्याची. आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांना डीसी फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ लागते: वरचा भाग गोलसर, खाली दोन जाड पिना. नकाशावर नुसतं "डीसी" लिहिलं असेल तर थांबा. तो जुना भारत डीसी-००१ असू शकतो, पंधरा किलोवॅटचा आणि वेगळ्या गनचा. सरकारी आवारांत हे अजून दिसतात आणि आपल्या काहीही उपयोगाचे नाहीत. स्कूटरचे चार्जरही नकाशावर तसेच हिरवे दिसतात. "एसी ७.४" (इथे एसी म्हणजे घरी येते तशी वीज, ७.४ किलोवॅटची) म्हणजे चार-सहा तास, तो मुक्कामासाठी. ॲपमध्ये सीसीएस-२ आणि किमान ३० किलोवॅट असा फिल्टर लावला की अर्धा नकाशा रिकामा होतो, आणि तोच खरा नकाशा.

दुसरी चाळणी ताकदीची. इथे दोन गोष्टी एकत्र येतात: चार्जर किती देतो आणि गाडी किती घेते. २४ युनिटची टियागो ५० किलोवॅटच्या चार्जरवरही १० ते ८०% व्हायला तासभर घेते, म्हणजे सरासरी सतराच्या आसपास. तिला १२० च्या चार्जरवर नेऊन काही फरक पडत नाही; उलट तुमच्या मागे उभा असलेला तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. याच्या दुसऱ्या टोकाला ७९ युनिटची महिंद्रा बीई ६. तिचा २० ते ८०% वीस मिनिटांचा दावा १७५-१८० किलोवॅटच्या चार्जरवरचा आहे. ६० च्या चार्जरवर तिला पाऊण तासाच्या वर लागणारच, कारण ४७ युनिट त्याहून लवकर येऊच शकत नाहीत.

आणि चार्जरवर लिहिलेली ताकद दोन गनमध्ये वाटली जाते. ६० किलोवॅट, दोन गन असा चार्जर असेल आणि शेजारी कुणी लावलेली असेल, तर तुम्हाला ३०. ॲपमध्ये "एक गन रिकामी" दिसली म्हणून खूश होण्याआधी हे लक्षात घ्या.

तिसरी चाळणी जागेची, आणि खरी डोकेदुखी हीच. डीलरच्या आवारातला चार्जर रात्री कुलपात असतो आणि काही ठिकाणी फक्त त्यांच्याच कंपनीच्या गाड्यांना देतात. मॉलच्या तळघरातल्याला पार्किंगचे पैसे वेगळे. आयटी पार्कमधला गेटवरूनच परत पाठवतो. आणि हायवेला चार्जर रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे बघितलंच पाहिजे. डिव्हायडरपलीकडचा चार्जर नकाशावर शंभर मीटरवर दिसतो, प्रत्यक्षात पुढच्या अंडरपासवरून वळून यायला आठ-दहा किलोमीटर जातात. सातारा-कागल पट्ट्यात रुंदीकरणाच्या कामामुळे वळसे असतील तर आणखी. हॉटेल आणि पेट्रोल पंपावरचे चार्जर त्या मानाने बरे: रात्री दिवा असतो, माणूस असतो, स्वच्छतागृह असतं.

चौथी चाळणी चालू-बंदची. ॲपमधला हिरवा रंग म्हणजे चार्जरचा सर्व्हरशी संपर्क आहे, इतकंच. त्यापेक्षा शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. प्लगशेअर या ॲपवर लोक तारखेनिशी लिहितात. काही कंपन्यांच्या ॲपमध्येही अलीकडचे अभिप्राय असतात. आठवडाभरात कुणीच लावलेली नसेल तर तो चार्जर नाही असं समजा. आणि फोन करा. पण "चार्जर चालू आहे का?" असं विचारलंत तर पंपावरचा मुलगा "हो" म्हणणार, कारण त्याला स्क्रीन पेटलेली दिसते. विचारायचं असं: "दादा, आज सकाळपासून कुणी कार लावली का? दोन्ही गन चालतायत ना?" यावर तो चार पावलं चालत जाऊन बघून येतो, किंवा "काल एक जण परत गेला बघा" असं सांगतो. दोन्ही उत्तरं कामाची.

ॲपबद्दल थोडक्यात: टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, तेल कंपन्यांची आपापली आणि महावितरणचं पॉवरअप यांतली तुमच्या मार्गावर जी लागतात ती घरी बसून घ्या, नोंदणी करा, वॉलेटमध्ये दोन-तीनशे रुपये टाका. घाटाखालच्या पंपावर नेटवर्कची एक दांडी असताना ओटीपीची वाट बघणं हा वेळ घालवायचा सर्वांत वाईट प्रकार आहे. आरएफआयडी कार्ड (चार्जरला टेकवून चार्जिंग सुरू करायचं) मिळत असेल तर जरूर घ्या, नेटवर्क नसताना तेच चालतं.

४. मार्ग आखा: पुणे ते मालवणचं उदाहरण

नियम एकच: ज्या चार्जरवर थांबणार त्याच्यावर पोचताना एवढं उरलं पाहिजे की तो बंद निघाला तर पुढच्यावर जाता येईल. प्रत्येक थांब्याला जोडीदार हवा. सरधोपट "२०% राखा" या सल्ल्यापेक्षा हे चांगलं, कारण कोल्हापुरात पुढचा चार्जर पाच किलोमीटरवर असतो आणि एखाद्या घाटाखाली पन्नासवर.

पुण्याहून साताऱ्याला ११० किलोमीटर, कराडला १६०, कोल्हापूरला २३०. कोल्हापूरहून राधानगरी-फोंडाघाट-कणकवलीमार्गे मालवण आणखी साधारण १६०.

पुण्याहून १००% ने निघालो. युनिटला साडेसहाने साताऱ्याला ६०% उरायला हवेत, कराडला ४३, कोल्हापूरला १८. हे आकडे चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. साताऱ्याला ६० दिसले तर सगळं ठीक. ५५ च्या खाली असतील तर समोरून वारा आहे, टायरमध्ये हवा कमी आहे किंवा पाय जड आहे. कारण काही असो, कराडला चहाबरोबर पंधरा मिनिटं लावून घ्यायची. मधल्या जागी तपासणी ठेवली की शेवटच्या चाळीस किलोमीटरला एसी बंद करून ट्रकच्या मागे साठने जायची वेळ येत नाही.

कोल्हापूरला १८% ने पोचलो की जेवण. १८ ते ८५% म्हणजे २९ युनिट. ६० च्या चार्जरवर एकटे असाल तर पाऊण तास, वाटणीत आलात तर तास. तांबडा-पांढरा रस्सा आणि नंतरचं पान यात तो तास कुठे जातो कळत नाही. थांबा शक्यतो कमी टक्क्यांवर असतानाच घ्या, कारण बॅटरी रिकामी असताना वेग जास्त मिळतो. ८०-८५ नंतर तो पडत जातो आणि शेवटच्या १०% ला आधीच्या तीसइतका वेळ लागू शकतो.

पुढे मालवणपर्यंत रस्ता अरुंद, वेग कमी आणि शेवटी घाट उतरायचा. युनिटला सात सहज मिळतात. २३ युनिट गेले, ३२% ने मालवण. सगळ्या प्रवासात एकच फास्ट चार्ज.

परतीचं गणित मात्र वेगळं, आणि लोक तिथेच फसतात. मालवणहून १००% ने निघालात तरी फोंडाघाटाचा चढ धरून कोल्हापूरला ३५% च्या आसपास. तिथे ८५ पर्यंत भरलं तरी पुण्याचे २३० किलोमीटर राखीव ठेवून त्यात बसत नाहीत. जाताना बसले होते कारण घरून शंभर भरलेली होती. कोल्हापुरात १००% साठी ताटकळत बसण्यापेक्षा ८० ला निघा, साताऱ्याला पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि घरी या. दोन छोटे थांबे एका लांबलचक थांब्यापेक्षा लवकर उरकतात.

५. चार्जरसमोर उभं राहिल्यावर

आधी गाडी नीट लावा. आपलं सॉकेट कुठल्या बाजूला आहे ते बघून पुढून किंवा रिव्हर्समध्ये, असं की केबलला ताण बसणार नाही. बऱ्याच चार्जरांची केबल आखूड असते. कुणी पेट्रोल गाडी लावून ठेवली असेल तर भांडण्याआधी पंपावरच्या माणसाला सांगा. त्याने आवाज दिला की दोन मिनिटांत निघते.

गन आत सरळ दाबा, कुलूप बसल्याचा खट्ट आवाज येऊ द्या, मगच क्यूआर स्कॅन करा. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलायला अर्धा-एक मिनिट घेतात. त्या वेळात बटणं दाबू नका. चार्जिंग सुरूच झालं नाही तर या क्रमाने:

- गन काढा, पिनांवर पाणी किंवा माती नाही ना बघा, परत लावा. केबल जड असते आणि तिच्या वजनाने गन किंचित खाली झुकते. सुरू होईपर्यंत हाताने वर उचलून धरली की बरेचदा काम होतं.
- गाडी बंद करा, लॉक करा, मिनिटभराने पुन्हा प्रयत्न करा.
- चार्जरवरचं आणीबाणीत बंद करायचं लाल बटण बघा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी ते दाबलेलं असतं. बाणाच्या दिशेने पिळलं की सुटतं.
- दुसरी गन.
- चार्जरवरच्या हेल्पलाइनला फोन. ते लांबून चार्जर रीस्टार्ट करू शकतात. फोनवर चार्जरचा क्रमांक विचारतात, तो आधीच वाचून ठेवा.

एवढ्यात पंधरा मिनिटं गेली असतील. त्याच्या पुढे प्रयत्न करत बसू नका, जोडीदार चार्जरकडे निघा. त्यासाठीच तर टक्के राखलेत.

सुरू झालं की लगेच जेवायला पळू नका. दोन मिनिटं स्क्रीनवर किलोवॅटचा आकडा बघा. ६० च्या चार्जरवर एकटे असूनही १८-२० दिसत असतील तर व्होल्टेज कमी आहे, चार्जर तापला आहे किंवा बॅटरी तापली आहे. मेमधल्या दुपारी मराठवाड्यात हे हमखास होतं. शेजारची गन रिकामी असेल तर बदलून बघा. वेळेचा अंदाज या आकड्यावरून नव्याने बांधा: लागणारे युनिट भागिले दिसणारे किलोवॅट, उत्तर तासांत.

थांबवताना आधी ॲपमधून, मग गाडी अनलॉक, मग गन. अडकली तर गाडी लॉक-अनलॉक करा. तरीही नाही सुटली तर बहुतेक गाड्यांत हाताने कुलूप सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा. भर पावसात गन लावायला भ्यायचं कारण नाही, जोडणी पक्की झाल्याशिवाय त्यात वीज येत नाही. पण चिखलात पडलेली किंवा आत पाणी साचलेली गन लावू नका.

६. मुक्कामाचं चार्जिंग

फास्ट चार्जरइतकंच महत्त्व मुक्कामाच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला आहे, आणि माझ्या मते थोडं जास्तच. रात्री दहा तासांत त्यातून २८ युनिट येतात. उष्णतेत जाणारं वजा केलं तरी ५५-६०% भरतात. मालवणला ३२% ने पोचलेली गाडी सकाळी नव्वदीत असते. दुसऱ्या दिवशी तारकर्ली-देवबाग फिरून आणखी एक रात्र लावली की परतीला १००%.

खोली ठरवतानाच विचारा. "ईव्ही चार्जिंग आहे का?" म्हटलं की घरगुती न्याहारी-निवासवाले बिचकतात. "पार्किंगजवळ गीझरचा किंवा एसीचा मोठा प्लग आहे का? रात्रभर गाडी लावू, युनिटचे पैसे देऊ," असं विचारलं की कळतं. लोड खरंच गीझरएवढाच असतो. तीसेक युनिटचे तीन-चारशे रुपये आपणहून पुढे करा. पुढच्या ईव्हीवाल्याला हो म्हणायला त्यांना सोपं जातं.

अडचण येते ती अर्थिंगची. पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा लागला तर बहुधा त्या सॉकेटला अर्थिंग नाही. दुसरं सॉकेट शोधा, जुगाड करू नका. आणि बाजारातली पातळ वायरची एक्स्टेंशन वापरू नका. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसत असेल तर करंट १० अँपिअरवर आणा, नाहीतर काढून टाका.

७. गणपती, दिवाळी, पाऊस

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर पेण, महाड, चिपळूण, हातखंबा या पट्ट्यात चार्जरवर रांगा लागतात. दोन गाड्या पुढे असतील तर तुमचा नंबर दीड तासाने. त्या दिवसांत ८०% पर्यंत थांबण्याऐवजी पुढचा टप्पा आणि राखीव निघेल एवढंच भरून निघा, मागच्यालाही बरं. पहाटे तीनला निघणाऱ्यांना चार्जर रिकामे मिळतात, फक्त रस्ता रिकामा मिळत नाही. कोकणात पावसात वीज जाते आणि पंपाचा जनरेटर चार्जरला पुरत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर राखीव टक्के थोडे वाढवा.

८. खर्च

सार्वजनिक डीसी चार्जिंग युनिटला साधारण १५ ते २५ रुपये, वर १८% जीएसटी. काही ॲप जीएसटी धरून दर दाखवतात, काही नंतर लावतात. जीएसटीसह २४ रुपये धरले तर किलोमीटरला पावणेचार रुपये. घरच्या विजेवर हेच दीड-दोन रुपयांत होतं, म्हणून घरून शंभर भरून निघायचं. चार्जिंग संपल्यावर गाडी तिथेच ठेवली तर काही कंपन्या मिनिटाला दंड लावतात. टोलच्या बाबतीत आनंदाची गोष्ट अशी की राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाली. फास्टॅगमधून तरीही पैसे कापले गेले तर मेसेज जपून ठेवा आणि तक्रार करा.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल, जशी नेक्सॉनची आहे, तर अधूनमधून घरी सावकाश १००% भरत जा. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि पूर्ण भरल्यावरच जाग्यावर येतो. प्रवासाच्या आदल्या रात्री हे केलं की वर लिहिलेल्या टक्क्यांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवता येतो.

९. टक्के संपत आलेच तर

१०% च्या खाली गेलात आणि पुढचा चार्जर वीस किलोमीटरवर आहे, तर वेग ५०-६० वर आणा. एवढ्यानेच युनिटला नऊ-दहा किलोमीटर मिळायला लागतात आणि वीस किलोमीटर दोन-अडीच युनिटात, म्हणजे ५-६ टक्क्यांत निघतात. एसी मंद चालला तरी हरकत नाही. ५% च्या आत आलात की शून्याची वाट न बघता उजेडाच्या, माणसांच्या जागी थांबा. ढाबा, गॅरेज, पिठाची गिरणी, जिथे १५ अँपिअरचं अर्थिंगवालं सॉकेट असेल तिथे तासभर लावलंत तर वीस किलोमीटरची सोय होते.

तेही नसेल तर कंपनीच्या रस्त्यावरच्या मदतीला फोन करा आणि फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रकच, मागा. दोर बांधून ओढायला देऊ नका, पुढची चाकं उचलून मागची जमिनीवर ठेवून न्यायलाही तुमच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच द्या. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते, बंद गाडीत ती कुठे जायची हे कुणी ठरवलेलं नसतं. मदतीला आलेल्या ट्रकवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, म्हणून तो हुक काढायच्या आधी सांगा.